एका पुरुषाची बाई

फिलाग्रोस मास्तर डोंगर चढून वर आला तेव्हा निकारेती अंगणात मसूर निवडत बसली होती. त्याला लागलेली धाप पाहून तिला मनातून बरं वाटलं. तीन वर्षांपूर्वी सम्राटाचं फर्मान आलं, देवळांतले बळी बंद झाले, एगिओन शहराहून सुभेदाराचा कारकून येऊन धरणीमातेच्या गाभाऱ्याला शिशाची मोहोर ठोकून गेला. तेव्हा हाच मास्तर खाली गावात लोकांना सांगत होता की आता वर जायचं काही कारण उरलेलं नाही. आणि आज तो स्वतःच आला होता, तेही भर उन्हात, डोक्याला काही न गुंडाळता.

मास्तर म्हणजे एके काळी खरोखरच मास्तर. निम्म्या गावाला त्याने अक्षरं शिकवली होती आणि छड्याही मारल्या होत्या. पुढे तो ख्रिस्ती झाला, बिशपने त्याला गावाचा धर्मगुरू नेमलं, पण लोक त्याला मास्तरच म्हणत. चिडला की त्याचा हात अजून छडी शोधायचा.

"पाणी दे आधी," तो म्हणाला.

"देवीच्या झऱ्याचं आहे. चालेल का?"

"निकारेती, माझा घसा कोरडा पडलाय. वाद मग घालू."

तिने मातीचं भांडं भरून दिलं. त्याने ते उभ्याउभ्या रिकामं केलं, दाढी पुसली आणि चिनाराच्या झाडाखालच्या दगडावर बसला. बराच वेळ तो झाडाची, झऱ्याची, तिच्या दोन खोल्यांच्या घराची तारीफ करत राहिला. निकारेती मसूर निवडत राहिली. मास्तर तारीफ करायला लागला की काहीतरी मागणार, हे तिला तिच्या शाळकरी दिवसांपासून ठाऊक होतं.

"माझ्या नाकी नऊ आलेत," शेवटी तो म्हणाला. "बायकांनी."

"तुम्हाला आजवर बायको नाही, मास्तर. अनुभव कमी पडत असेल."

"हसू नकोस. यादीचं ऐकलंस ना?"

ऐकलं होतं. चर्चने विधवांची यादी करायला घेतली होती. यादीत नाव लागलं की महिन्याला जव आणि तेल, हिवाळ्यात लोकरीची शाल, प्रार्थनेला पुढची जागा. अट एकच. बाईने आयुष्यात एकच पुरुष पाहिलेला असावा आणि इथून पुढे एकही पाहू नये. निकारेतीला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा ती एकटीच खूप वेळ हसली होती. ती स्वतः विधवा, आणि धरणीमातेची पुजारीण. त्या पुजारणीला शेकडो वर्षं हीच अट होती, शब्दाला शब्द. नवा देव इतक्या लांबून आला आणि त्यानेही येऊन तेच विचारलं.

"गोर्गो म्हणते मेलित्ता दोन पुरुषांची," मास्तर सांगू लागला. "मेलित्ता म्हणते गोर्गो कातडं कमावणाऱ्याची बायको होती तेव्हा तिच्या अंगाला कातड्याचा वास कमी आणि मासळीचा जास्त यायचा. आता यातून मी काय समजायचं?"

"कोळी समजायचा."

"मी सगळ्यांना शपथा घ्यायला लावल्या. सगळ्यांनी घेतल्या. त्याने भांडण दुप्पट झालं. आता म्हणतात, तोंड काय, काहीही बोलेल. बैलाचं रक्त पाजा, खोटी असेल ती मरेल."

निकारेतीचा हात थांबला.

"तुमच्या बायका? बाप्तिस्मा झालेल्या?"

"सगळ्या. मीच पाण्यात बुडवून काढल्यात." मास्तरने कपाळाला हात लावला. "त्यांचं म्हणणं, ख्रिस्त आहेच, पण खरं-खोटं रक्तच सांगतं. आणि ते तुझ्याच हातचं पाहिजे."

मग तो मुद्द्यावर आला. बिशपला ही जागा हवी होती. मोहोर फोडायची, आतली मूर्ती हलवायची, पूर्वेच्या भिंतीला वेदी बांधायची. यादीतली पहिली विधवा जी असेल तिच्याकडे किल्ली राहील, हे घरही तिलाच. बिशप नाव विचारत होता आणि मास्तरने निकारेतीचं सांगितलं होतं. ती बाप्तिस्मा घेईल तर डोंगरावरच्या ज्या बायका अजून झऱ्याला चिंध्या बांधतात त्याही खाली उतरतील, हा त्याचा हिशोब. तिलाही तो चुकीचा वाटला नाही.

"पण गोर्गो अडून बसलीय," मास्तर म्हणाला. "म्हणते, हिने रक्त प्यायलं त्याला चोवीस वर्षं झाली. त्यानंतरचं कोणी पाहिलंय? पहिली आहे ना, मग पहिल्यांदा हिनेच प्यावं."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

"मी शुक्रवारी बिशपकडे एगिओनला जातोय. दोन दिवस. माझ्या मागे गावात कोणी बैल कापला, तर तो खाण्यासाठी कापला असं मी समजेन. खायला कापू नका असं सम्राटानेही कुठे म्हटलेलं नाही." तो उठला. तिच्याकडे न बघता त्याने विचारलं, "तुला काही अडचण नाही ना?"

"मला कसली अडचण?" निकारेती म्हणाली.

अडचण होती, आणि तिचं नाव लिकोन.

लिकोनची गुरं क्राथिस नदीच्या कुरणात चरायची. दर वर्षी देवीचा बैल तोच आणायचा, त्याच्या आधी त्याचा बाप आणायचा. एकवीस वर्षं तो वेदीच्या त्या बाजूला आणि निकारेती या बाजूला. मध्ये बैल. बोलणं सगळं बैलाबद्दल. यंदा पाठ चांगली भरलीय. शिंग थोडं वाकडं आहे, चालेल ना. एवढ्यावर दोघांनी एकवीस वर्षं काढली. त्याची बायको वारली त्या वर्षी त्याने फक्त विचारलं होतं, "तुझ्याकडे मध आहे का? घरचा संपला." मध त्याच्या घरी मुबलक होता, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

देऊळ बंद झाल्यावर बैलाचं निमित्त गेलं. पहिली दोन वर्षं दोघांनीही सोसलं. तिसऱ्या वर्षी कापणीच्या दिवसांत, दुपारी, ती नदीवर लव्हाळा कापायला गेली होती. तो गोठ्याच्या सावलीत बसला होता. पुढचं कोणी ठरवलं नव्हतं. निकारेतीला नंतर पश्चात्ताप होईल असं वाटलं होतं, तो झाला नाही. झाला तो आनंद, इतका की डोंगर चढताना तिला स्वतःचीच लाज वाटली. सेहेचाळीस वर्षांची बाई, आणि लव्हाळा तिथेच विसरून आली.

एकदाच घडलं ते. पण अटीत एकदाचा अपवाद नव्हता, ना जुन्या देवीच्या, ना नव्या देवाच्या.

गुरुवारी लिकोन बैल घेऊन वर आला. गोर्गोनेच त्याला सांगितलं होतं. बैल त्याने झाडाला बांधला आणि तो सरळ निकारेतीपुढे येऊन उभा राहिला. तो ख्रिस्ती होऊन वर्ष झालं होतं. कोरिंथच्या छावणीला गुरं पुरवायची तर ते सोयीचं होतं, आणि बाप्तिस्म्याला काही खर्चही आला नव्हता.

"पिऊ नकोस," तो म्हणाला.

"आधी बस तरी."

"बसायला आलो नाही. पिऊ नकोस, मरशील. आपण काय केलंय ते तुला माहीत आहे आणि तिलाही माहीत आहे." त्याने पायाने जमीन दाखवली.

"तू ख्रिस्ती ना?"

"झालो. म्हणून धरणी कुठे गेली? तिच्यावरच उभा आहे ना मी?"

निकारेतीला हसू आलं, आणि त्याच वेळी रडूही. या माणसाची देवीवर जेवढी श्रद्धा होती तेवढी तिच्या पुजारणीची नव्हती. कारण पुजारणीला काडी माहीत होती.

ही काडी तिला थेआनोने शिकवली होती, तिच्या आधीच्या पुजारणीने. बैलाचं ताजं रक्त भांड्यात तसंच ठेवलं की थोड्या वेळात थिजतं, त्याचा गोळा होतो, आणि तो गोळा घशात अडकला की माणूस गुदमरतो. पण साल काढलेल्या ऑलिव्हच्या काडीने ते लगेच ढवळत राहिलं की थिजणारं सगळं काडीला गुंडाळलं जातं. उरतं ते पातळ, पाण्यासारखं. प्यायला वाईट, पण मरायला होत नाही. बाईला पुजारीण म्हणून घ्यायची असली की थेआनो ढवळायची. घ्यायची नसली की नुसतं भांडं पुढे करायची आणि लांबलचक प्रार्थना म्हणायची. निकारेतीच्या आधी आलेली एक बाई तशी पायरीवर गुदमरून गेली. ती खोटारडी होती असं गाव आजही सांगतं. थेआनो मरताना म्हणाली होती, "ती खरंच एकाच पुरुषाची असेल. मला तिचा आवाज आवडला नव्हता."

हे लिकोनला सांगता आलं असतं. निकारेतीच्या ते ओठांपर्यंतही आलं. पण सांगितलं की देवीचं सगळंच संपत होतं, आणि देवीचं संपलं की चोवीस वर्षं तिने काय केलं, या प्रश्नाला उत्तर उरत नव्हतं. तिने गिळलं.

"मी मरणार नाही," ती एवढंच म्हणाली.

"तुला काय माहीत?"

"माहीत आहे."

"हट्टी आहेस. माझ्याकडे चल. आज, आत्ता. मास्तर लग्न लावून देईल, विधवेला दुसरं लग्न त्यांच्यात चालतं. त्याला नाक मुरडतात थोडं, पण चालतं."

"तुझ्या घरी मी कोण, लिकोन?"

"कोण म्हणजे? माझी बायको."

"इथे मला अख्खं खोरं विचारायला येतं. पेरू का, मुलगी देऊ का, आईला कुठे पुरू. तुझ्याकडे तुझी बहीण मला विचारेल की चीज का आंबलं. मला ही जागा सोडवत नाही. तू हवास, आणि हेही हवं. तुला वाईट वाटेल, पण खरं तेच आहे."

लिकोनला वाईट वाटलंच. त्याने बैलाच्या मानेवर हात फिरवला आणि तो उतरणीला लागला.

शुक्रवारी सकाळी चाळीसएक बायका जमल्या. काहींनी गळ्यात लाकडी क्रूस घातले होते आणि हातात देवीसाठी जवाच्या पोळ्या आणल्या होत्या. त्यात काही विसंगत आहे असं एकीच्याही मनात आलं नाही. गोर्गो सगळ्यांत पुढे, कमरेवर हात ठेवून.

"मी भांड्याजवळ उभी राहणार," ती म्हणाली. "कोणी पाणी मिसळायला नको."

"राहा की," निकारेती म्हणाली. "शिंतोडे उडतील तेवढे सांभाळ."

लिकोनने बैल पाडला. त्याचा हात नेहमी एका घावाचा, आज दोन लागले. रक्त तांब्याच्या परातीत आलं, आणि निकारेतीने काडी घेऊन देवीची नावं म्हणत ढवळायला सुरुवात केली. रुंद छातीची, सगळ्यांना पोसणारी, सगळ्यांना गिळणारी. गोर्गो डोळ्यांत तेल घालून बघत होती आणि तिला दिसत होती ती फक्त प्रार्थना. तांबडे धागे काडीला गुंडाळले गेले. निकारेतीने काडी वेदीच्या निखाऱ्यावर टाकली आणि रक्त वाटीत ओतलं.

"मी एकाच पुरुषाची," तिने रीतीप्रमाणे म्हटलं, "आणि धरणी साक्षीला आहे." वाटी तिने उचलली.

"थांब!"

लिकोन होता. हात कोपरापर्यंत लाल, सुरी अजून मुठीत.

"पिऊ देऊ नका तिला! खोटं आहे ते. ती माझ्याबरोबर होती. कापणीच्या दिवसांत, माझ्या गोठ्यात. दोष माझा आहे. तिला मारू नका!"

कोणी हललं नाही. बैलाचा पाय तेवढा एकदा झटकला. निकारेतीने लिकोनकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्याला हात मोकळे नव्हते. आयुष्यात तिच्यासाठी कोणी एवढं केलं नव्हतं. तिने वाटी खाली ठेवली असती तर गोष्ट तिथेच संपली असती, आणि बहुधा चांगली संपली असती. पण चाळीस बायका तिच्याकडे बघत होत्या, मागे घर होतं, झाड होतं, दारावरची मोहोर लवकरच फुटणार होती. तिच्या मनात आलं, मी आता ठेवली तर यांनी जे आजवर माझं ऐकलं तेही सगळं पुसलं जाईल.

ती वाटी तोंडाला लावून शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली.

बायका श्वास धरून उभ्या राहिल्या. निकारेतीने वाटी उपडी करून दाखवली, तोंड पुसलं, आणि पायरीवर ताठ उभी राहिली. बराच वेळ गेला. मग मेलित्ताने टाहो फोडला, "जिवंत आहे गं बाई!" आणि पुढच्या क्षणी सगळ्या जणी लिकोनवर तुटून पडल्या.

"मेल्या! पुजारणीवर चिखल उडवतोस?"

"बायको गेली तेव्हापासून डोकं फिरलंय याचं!"

"स्वप्नं पडतात रे तुला गोठ्यात, गाईच्या अंगावर हात टाकून?" ही गोर्गो. आता तिच्याएवढी निकारेतीच्या बाजूची दुसरी कोणी नव्हती.

लिकोन मार चुकवत नव्हता. तो बायकांच्या डोक्यांवरून फक्त निकारेतीकडे बघत होता, तोंड उघडं टाकून. ती जिवंत राहिल्याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. बाकी काहीच त्याला कळलेलं नव्हतं.

मास्तर परत आला तोवर निकाल गावानेच लावून टाकला होता. शुद्ध बाईवर भर लोकांत आळ घेतला, त्याला शिक्षा हवी. मास्तरने बिशपच्या नियमांची वही चाळली आणि सांगितलं, तीन वर्षं प्रायश्चित्त. दर रविवारी गावातल्या चर्चच्या दाराबाहेर उभं राहायचं, आत जाणाऱ्या प्रत्येकाला "माझ्यासाठी प्रार्थना करा" म्हणायचं, आणि आत पाऊल टाकायचं नाही. छावणीच्या अधिकाऱ्याने गुरं दुसरीकडून घ्यायला सुरुवात केली. बाकीच्या विधवांना रक्त पाजायचा विषय निघाला तेव्हा मास्तरने छडी शोधली, आणि नेमकी ती त्या दिवशी सापडली. सगळ्यांची नावं यादीत बिनरक्ताची चढली.

मोहोर फुटली. मूर्ती बाहेर काढताना तिचा हात तुटला. तो निकारेतीने मागच्या वाफ्यात पुरला आणि कोणाला सांगितलं नाही. तिचा बाप्तिस्मा झाला. किल्ली तिच्या कमरेला आली. पूर्वीसारखेच लोक विचारायला येऊ लागले, पेरू का, मुलगी देऊ का, आणि ती पूर्वीसारखीच उत्तरं देई. शेवटी देवीऐवजी देवाचं नाव घ्यायचं, एवढाच काय तो फरक. तिला जे राखायचं होतं ते तिने राखलं होतं.

फक्त रविवार वाईट जायचा. लिकोन दर रविवारी यायचा. उन्हात, पावसात, डोकं उघडं. कोणी त्याच्यावर पाळत ठेवली नव्हती. नदीपलीकडे गुरं घेऊन निघून गेला असता तर मास्तरलाही सुटल्यासारखं झालं असतं. पण तो यायचा आणि दाराच्या डाव्या बाजूला उभा राहायचा.

"माझ्यासाठी प्रार्थना करा."

"करते हो, गोठ्यातल्या नवरदेवा," गोर्गो म्हणायची आणि मागच्या बायका खुदखुदायच्या.

निकारेती सगळ्यांत शेवटी आत जायची. तिलाही तो तेच तीन शब्द म्हणायचा, त्याच आवाजात. ती मान हलवायची आणि आत जायची. पहिल्या रांगेत बसल्यावर तिला मास्तरचं एक अक्षर ऐकू यायचं नाही. त्याने एकदा तरी रागाने बघावं, असं तिला वाटायचं. तो बघत नव्हता. उलट दिवसेंदिवस त्याच्या डोळ्यांत काहीतरी गोंधळल्यासारखं दिसू लागलं. दोनदा रस्ता चुकलेल्या माणसाला आपण निघालो कुठून तेच आठवेनासं व्हावं, तसं.

ऑलिव्ह झोडपायचे दिवस आले. त्या रविवारी सगळ्या आत गेल्या, निकारेती दाराशी आली, आणि लिकोनने नेहमीचे शब्द म्हटले नाहीत. त्याने इकडेतिकडे बघितलं आणि अगदी हळू विचारलं,

"निकारेती, एक विचारू? रागावू नकोस. त्या दुपारी... तू खरंच आली होतीस ना?"

तिचा हात कमरेच्या किल्लीवर गेला.

"नाही म्हणजे, मला आठवतंय तसं. तुझे केस ओले होते. पण सगळे म्हणतात स्वप्न पडलं असेल. आणि तू प्यालीस, तुला काही झालं नाही. रक्त तर खोटं सांगत नाही. म्हणून म्हटलं, माझंच डोकं..." तो ओशाळून हसला. "एकटा असला की माणसाला काहीही वाटतं. जा तू. प्रार्थना कर माझ्यासाठी."

ती आत गेली. पहिल्या रांगेत बसली. मास्तर वाचत होता. निकारेती आपल्या हातांकडे बघत राहिली. शिव्या, मार, गेलेला धंदा, तीन वर्षं दारात उभं राहणं, एवढं सगळं त्याने सोसलं ते एका दुपारच्या भरवशावर, आणि आता तिने त्याच्याकडून ती दुपारही काढून घेतली होती. ती दुपार या जगात दोघांनाच माहीत होती. त्यातला एक जण आता विसरायला लागला होता, आणि दुसरी गप्प बसली होती. तिला स्वतःची किळस आली. बैलाच्या रक्ताने आली नव्हती एवढी.

ती उठली. मास्तर वाचता वाचता थांबला. ती रांगांमधून सरळ चालत बाहेर गेली आणि दाराच्या डाव्या बाजूला, लिकोनच्या शेजारी, उघड्या डोक्याने उभी राहिली. आत कुजबुज सुरू झाली, मग गलका, मग सगळं चर्च दाराशी लोटलं.

"आले होते मी," निकारेती म्हणाली. आवाज तिने मोठा ठेवला, सवयीचाच होता. "कापणीच्या दिवसांत. याच्या गोठ्यात. हा म्हणाला ते सगळं खरं आहे. माझ्या मर्जीने आले होते, आणि केस नदीत धुतले होते म्हणून ओले होते."

मास्तर गर्दीतून वाट काढत दाराशी आला. गोर्गो पुढे घुसली.

"मग त्या दिवशी मेली का नाहीस?"

या प्रश्नाचं उत्तर निकारेतीने दिलं नाही. पण प्रश्न बायकांच्या डोक्यात राहिला आणि खोऱ्यात घरोघर गेला. सम्राटाच्या फर्मानाने जे तीन वर्षांत झालं नव्हतं ते त्या हिवाळ्यात झालं. झऱ्याला चिंध्या बांधायला कोणी येईना. धरणीसमोर खोटं बोलून, रक्त पिऊन बाई जिवंत राहते, मग धरणीचं काय उरलं? काही जणी त्यासाठी निकारेतीवर मरेपर्यंत दात ठेवून होत्या, आणि त्यांचं फारसं चुकत होतं असं म्हणता येणार नाही.

तिने कमरेची किल्ली सोडून मास्तरच्या हातात दिली. मास्तरने वही मागवली, पानं उलटी केली, सुलटी केली. खोटी शपथ, व्यभिचार, धर्मगुरूची फसवणूक, कशाला किती वर्षं याची बेरीज त्याला जमेना.

"तू... तू इथेच उभी राहा," तो शेवटी म्हणाला. "किती वर्षं ते मी बिशपला विचारून सांगतो. आणि तू, लिकोन, तू आत ये."

"मी कशाला?" लिकोन म्हणाला. "मला इथली सवय झालीय."

माणसं हळूहळू आत गेली. मास्तरने वाचन पुन्हा सुरू केलं. त्याचा आवाज बाहेर तुटक तुटक येत होता. दारात दोघंच उरली. लिकोन पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होता. मग त्याने मान वर न करता विचारलं,

"पण खरंच गं, तू मेली का नाहीस?"

"घरी गेल्यावर सांगते."

"कुठल्या घरी?" त्याला कळेना. "वरची किल्ली तर आत्ता दिलीस."

"लिकोन," निकारेती म्हणाली, "तुला घरं आहेत तरी किती?"